६ जून १८३२ : कुत्र्यांवरून पेटलेली मुंबई

कोटातला कारकून

शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनांतून भटकी कुत्री हलवा असा सुप्रीम कोर्टाचा ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जुंपलीय ती अजून थांबायचं नाव नाही. बी विंगच्या काकू कुत्र्यांना दूधभात घालतात, ए विंगचे काका काठी घेतल्याशिवाय खाली उतरत नाहीत आणि आमच्यासारखे मधले लोक ग्रुप म्यूट करून बसलेत. काल त्यात एकाने लिहिलं, "हे कुत्र्यांचे लाड आत्ताचं फॅड, पूर्वी असलं काही नव्हतं." म्हटलं आता धागा काढायलाच पाहिजे, कारण कंपनी सरकारच्या मुंबईतल्या पहिल्या मोठ्या दंगलींत जिचं नाव घेतात ती ना पगारावरून झाली ना मिरवणुकीवरून, ती झाली भटक्या कुत्र्यांवरून.

तारीख ६ जून १८३२, वार बुधवार. (६ जून म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो, पण आज विषय कोटातला.) तेव्हा कोट, म्हणजे आजचं फोर्ट, खरंच कोट होता, तटबंदी, खंदक, दरवाजे सगळं शाबूत, ते पाडलं १८६० नंतर. आत दक्षिणेला साहेबलोक आणि उत्तरेला बाजारगेटच्या अंगाला पारशी नि बनिये दाटीवाटीने राहायचे. नळ नव्हते, विहारचं पाणी यायला अजून २८ वर्षं होती, त्यामुळे विहिरी आणि तलाव. कचरा रस्त्यावर, कचऱ्यावर कुत्री, आणि उन्हाळा आला की पिसाळलेल्या कुत्र्याची धास्ती.

उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा नियम आधीपासून होता, तो काही १८३२ चा शोध नव्हे. त्या वर्षी मॅजिस्ट्रेटने मुदत वाढवून जूनपर्यंत नेली. आणि कुत्रं मारणाऱ्याला बक्षीस होतं, दर कुत्र्यामागे आठ आणे. आता तुम्ही सांगा, आठ आणे मिळणारा माणूस रस्त्यावरचं चपळ कुत्रं पळून पळून पकडेल की कोणाच्या तरी ओटीवर पाय पसरून झोपलेलं, पोळी खाऊन गुबगुबीत झालेलं पकडेल? तक्रार नेमकी हीच होती, की हे लोक घरात, वाड्यात शिरून पाळलेली कुत्रीसुद्धा ओढून नेतात आणि मारतात.

६ तारखेला पारशांचा पवित्र दिवस होता. साधारण २०० लोकांचा जमाव झाला, कुत्री मारत फिरणाऱ्या दोन गोऱ्या कॉन्स्टेबलांना गाठून बडवलं. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. आणि नुसते पारशी नाहीत हां, हिंदू बनिये, जैन, काही मुसलमानही त्यात उतरले. कुलाब्याच्या छावणीत सोल्जरांना जाणारं खाणंपिणं अडवलं. तेव्हा कुलाबा वेगळं बेट होतं, कॉजवे झाला १८३८ ला, म्हणजे ओहोटी बघून नाहीतर होडीने माल न्यायचा, तोच रोखला की सोल्जर उपाशी. चीफ जस्टिस कोर्टात निघाले तर त्यांच्या बग्गीवर घाण आणि मेलेले उंदीर फेकले. शेवटी दंगलीचा कायदा वाचून दाखवला, लष्कर आणलं, धरपकड झाली, खटले चालले. मग जमशेटजी जीजीभाईंसारख्या शेठियांनी मध्ये पडून माफीसाठी अर्ज केला. आणि सरकारनेही कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडायचं कबूल केलं.

पारशांना कुत्र्याचं एवढं का, तर त्यांच्यात प्रेताला कुत्र्याची नजर दाखवतात, सगदीद म्हणतात त्याला. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम. मेल्यावर चिनवत पूल ओलांडायचा, तिथेही राखणीला कुत्रेच. वेंदिदाद या त्यांच्या धर्मग्रंथात कुत्र्याला मारणाऱ्याला काय शिक्षा याचा अख्खा अध्याय आहे. ते सगळं खरं, पण माझं म्हणणं वेगळंय. नियम कित्येक वर्षं होता तेव्हा कोणी दगड उचलला नव्हता. भडका उडाला तो आठ आणे आणि उंबरठा या दोन गोष्टींनी. धर्म होताच, पण काडी लावली ती बक्षिसाने.

माझगावची मावशी

मस्त लिहिलंय. आम्ही लहानपणी ग्रँट रोडला राहायचो, वरच्या मजल्यावर एक पारशी आजी होत्या, सगळी बिल्डिंग त्यांना बपईजी म्हणायची. जेवायला बसायच्या आधी ताटातला एक घास बाजूला निघायचा, "कुत्रानो बुक". आपण काकबळी काढतो तसं म्हणा ना. तो घास घेऊन त्या स्वतः दोन जिने उतरायच्या, गुडघे दुखायचे तरी. मी एकदा म्हटलं द्या मी टाकून येते, तर म्हणाल्या टाकायचं नाही दीकरा, घालायचं. खाली एक पांढरी कुत्री होती, ती कधी वर आली नाही आणि बपईजी कधी चुकल्या नाहीत. तेव्हा गंमत वाटायची, सगदीद वगैरे आज कळतंय.

सडेतोड

इतिहास छान, रंगवलाय पण छान. आता दुसरी बाजू. मागच्या वर्षी माझ्या सात वर्षांच्या मुलाला क्लासवरून येताना चार कुत्र्यांनी धरला. पोटरीचा लचका. जखमेत सीरमची इंजेक्शनं देताना त्याला तिघांनी दाबून धरलं होतं, त्यातला एक मी. नंतर लसीचे डोस वेगळे. अजून त्याला बिल्डिंगच्या गेटपर्यंत एकटा सोडता येत नाही. तर मला सगदीद आणि बपईजी सांगू नका प्लीज.

आणि त्या मॅजिस्ट्रेटला तुम्ही सगळे आपसूक व्हिलन करताय. १८३२ ला रेबीजवर काय होतं? काहीही नव्हतं. पाश्चरने पहिल्या पोराला लस टोचली १८८५ ला, म्हणजे ५३ वर्षांनी. पिसाळलेलं कुत्रं चावलं, लक्षणं सुरू झाली की माणूस पाण्याचा पेला बघून किंचाळत मरायचा आणि घरचे बघत बसायचे. अशा शहरात कुत्री मारायचा हुकूम काढणारा माणूस क्रूर की जबाबदार? शेठ लोक तटबंदीत दारं लावून झोपायचे, रस्त्यावर झोपणाऱ्या हमालाला कोणी विचारलं होतं का कुत्री ठेवायची की मारायची?

कोटातला कारकून

@सडेतोड, मुलाचं वाचून कसंतरी झालं. लवकर सावरो. आणि तुमचा शेवटचा मुद्दा मी धाग्यात घ्यायला हवा होता, राहिला. अर्ज केले शेठियांनी, कैदेत गेले बाजारातले लोक आणि उघड्यावर झोपणारा यात कुठेच नाही. मॅजिस्ट्रेट व्हिलन असं मी म्हटलेलं नाही. मी म्हणतोय की मूर्ख. भीती खरी होती पण इलाज नगावर दिला, आणि नगावर पैसे दिले की नग भरले जातात, पिसाळलेलं शोधायच्या भानगडीत कोण पडतो.

लसवाला

विषय निघालाच आहे तर एक सांगतो, मी डॉक्टर आहे. आजही ओपीडीत जखमेत तिखट भरून, चुना लावून, हळद थापून लोक येतात. कृपया असलं काही करू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवा, मग सरळ दवाखाना. मांजर, माकड चावलं तरी तेच. "पिल्लू होतं हो, नुसता दात लागला" हे सांगून घरी बसू नका, या रोगात लक्षणं दिसल्यावर आमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही.

आणि ते पोटात चौदा इंजेक्शनं प्रकरण केव्हाच बंद झालं. आता दंडात देतात. अजून पेशंट शर्ट वर करून उभे राहतात. त्या चौदा इंजेक्शनांनी आपल्या अख्ख्या पिढीला कुत्र्याला घाबरायला शिकवलं. त्याच्याही आधी म्हणजे १९०० ला कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली तेव्हा लांबलांबून लोक आगगाडीने तिकडे जायचे, चावल्यापासूनचे दिवस मोजत.

तिरकस

६ जून, रायगड आणि कुत्रा हे तीन शब्द एका परिच्छेदात आलेत, आता वाघ्याच्या पुतळ्यावर गाडी वळायला किती प्रतिसाद लागतात बघू. माझा अंदाज सात.

इतिहासवेडा

@तिरकस, नका हो, त्यावर दोन धागे कुलूपबंद झालेत आधीच.

मूळ लेखात थोडी भर. भुलेश्वरचं पांजरापोळ, म्हणजे जनावरांचा आश्रम, या दंगलीनंतर दोन वर्षांनी, १८३४ ला निघालं, आणि त्याच्या मुळाशी भटक्या कुत्र्यांची ही मारामारीच आहे. पुढाकार कोणाचा, तर जमशेटजी आणि मोतीशा शेठ, एक पारशी एक जैन, दोघेही चीनच्या व्यापारातले. म्हणजे रस्त्यावर जे एकत्र आले त्यांच्या शेठांनी मिळून संस्था काढली. जमशेटजींना पुढे १८४२ ला सर केलं, १८५७ ला बॅरोनेट, त्यामुळे आपल्या डोळ्यासमोर जे.जे. हॉस्पिटलवाले, पगडीतले, शांत जमशेटजी असतात. ज्यांच्या जातभाईंनी न्यायाधीशावर उंदीर फेकले आणि ज्यांनी ते निस्तरलं, ते जमशेटजी कोणाला माहीत नसतात.

दुसरं म्हणजे, मुंबईच्या नंतरच्या दंगली बघा. १८५१ पारशी विरुद्ध मुसलमान, १८७४ पुन्हा तेच, १८९३ हिंदू विरुद्ध मुसलमान. १८३२ ला मात्र पारशी, हिंदू, जैन आणि थोडे का होईना मुसलमान एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला. असं चित्र या शहरात नंतर दंगलीच्या रूपात फारसं दिसत नाही, संपात दिसतं.

आणि उंबरठ्याचा मुद्दा शंभर टक्के पटला. प्लेगात पुण्याला काय झालं? सोल्जर तपासणीसाठी माजघरात, देवघरात शिरले, १८९७ च्या २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाली. साथ खरी होती, माणसं पटापट मरत होती, तरी लोक चिडले ते साथीवर नाही, घरात आलेल्या बुटांवर.

सडेतोड

रँडशी तुलना फारच ओढूनताणून वाटते. तिकडे माणसं होती हो. इकडे कुत्री.

इतिहासवेडा

तुलना बुटांची केली, बळीची नाही. असो, शब्द जपून वापरायला हवे होते, मान्य.

गिरणगाव ७८

धागा वाचून इतक्या वर्षांनी एक गोष्ट वर आली, टायपिंग लांबलं तर समजून घ्या. आमची चाळ लालबागला, चार मजली, मी तेव्हा तिसरी चौथीत असेन. कुत्र्यांची गाडी यायची. जाळीची व्हॅन, आत आधीच पकडलेली सात आठ, ती भुंकत नसायची, एक विचित्र रडण्यासारखा आवाज यायचा आणि तो आवाज ऐकूनच गल्लीतली बाकीची कुत्री गायब व्हायची. पकडणाऱ्यांच्या हातात लांब लोखंडी चिमटा, मानेला की कमरेला लागला की उचलून सरळ आत. नेऊन शॉक देऊन मारतात हे आम्हाला माहीत होतं, मोठी माणसं कुजबुजायची पण पोरांना सगळं कळतं. नंतर वाचलं की मुंबईत वर्षाला पन्नास हजारापर्यंत कुत्री अशी मारायचे आणि ते १९९४ पर्यंत चाललं.

आमच्याकडे बंड्या नावाचा कुत्रा होता, कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा. गाडी आली की आम्ही पोरं त्याला ओढत जिन्याखालच्या कोळशाच्या खणात कोंबायचो आणि खणासमोर पत्ते खेळत बसायचो. एकदा तो चिमटेवाला आमच्यासमोर येऊन उभा राहिला. बंड्या आत खरखर करतोय, आम्ही मोठमोठ्याने बदाम सात ओरडतोय. त्याला कळलं नसेल असं आज वाटत नाही. तो काही बोलला नाही. वर बघून म्हणाला जरा पाणी मिळेल का.

कॉमन गॅलरीत पंधरा वीस बायका उभ्या होत्या, कोणी हलली नाही. मे महिना, अंगावरचा शर्ट पाठीला चिकटलेला. शेवटी आमची आजी उतरली, तांब्या आणि पेला घेऊन. तो ओंजळ करायला लागला तर तिने पेला हातात दिला. दोन पेले प्यायला. गेला. संध्याकाळी चाळीत आजीला खूप बोलणी बसली, खाटकाला पाणी पाजलं म्हणून. ती म्हणाली "त्याला काय हौस आहे होय?"

धाग्यात ते कुलाब्याच्या सोल्जरांचं पाणी अडवल्याचं वाचलं आणि गॅलरीतल्या त्या बायका आठवल्या एकदम.

माझगावची मावशी

वाचून थांबले दोन मिनिटं. आजीला नमस्कार.

लसवाला

+१. आणि आकड्यांचं सांगायचं तर एवढं मारूनही कुत्री कमी झाली नाहीत, म्हणून तर धोरण बदललं. जागा रिकामी झाली आणि कचरा तसाच राहिला की शेजारच्या गल्लीतली येतात, उरलेल्यांना पिल्लं होतात. १९९८ ला हायकोर्टाने नसबंदीचं धोरण लावलं, २००१ ला देशभरासाठी नियम आले, २०२३ ला ते सुधारले. मध्ये २००८ ला हायकोर्टानेच उपद्रवी कुत्री मारता येतील असा निकाल दिला होता, त्याला सुप्रीम कोर्टाची लगेच स्थगिती आली. मुंबईत २०१४ च्या गणतीत ९५,१७२ कुत्री होती, २०२४ च्या पाहणीत ९० हजारांच्या आसपास. दहा वर्षांत शहर केवढं वाढलं ते बघता हे अगदीच वाईट नाही, पण सडेतोड यांना हा आकडा सांगून काय समाधान मिळणार हेही कळतं.

सडेतोड

नाहीच मिळणार. नसबंदी केलेल्या कुत्र्याचे दात काढत नाहीत ना? नसबंदीची खूण म्हणून कानाला खाच असलेल्यानेच चावलंय माझ्या मुलाला. मी मारा म्हणत नाहीये, ते गिरणगावकरांचं वाचून तर नाहीच म्हणवणार. पण रस्त्यावरून हलवा तरी. जमशेटजींच्या वेळी सरकारने तेच कबूल केलं ना, शहराबाहेर सोडू म्हणून? तेव्हा सगळे खूश झाले. आता ११ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने दिल्लीसाठी शेल्टरमध्ये न्या म्हटलं तर केवढा गदारोळ, २२ तारखेला ते बदलावं लागलं, लस टोचून पुन्हा त्याच जागी सोडा म्हणे. आता निदान शाळा, हॉस्पिटलं, स्टेशनं एवढं तरी मोकळं करा म्हणालेत, तर त्यावरही रडारड.

बदलापूर लोकल

शहराबाहेर, शहराबाहेर काय लावलंय. तुमचं शहराबाहेर म्हणजे आम्ही!! रात्री टेम्पो येतो कुठून तरी, हायवेच्या कडेला पाच दहा सोडून जातो, कोण सोडतं देव जाणे. ती बिचारी नवखी, आमच्याकडची त्यांना फाडतात, मग ती घाबरून माणसांना चावतात. कचरा पण आमच्याकडे, कुत्री पण आमच्याकडे. १८३२ मध्ये कोटाबाहेर नेऊन सोडली तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी दंगल केली नाही का हो?

तिरकस

गावकऱ्यांकडे शेठ नव्हता अर्ज करायला.

आरेची वाट

आमच्याकडे कुत्री फार झाली की बिबट्या येतो, आणि बिबट्या आला की कुत्री कमी होतात. नॅशनल पार्कच्या कडेच्या बिबट्यांच्या पोटात भटक्या कुत्र्यांचा मोठा हिस्सा असतो, अभ्यास झालाय त्यावर. सगळी कुत्री उचलून नेली तर तो काय खाईल याचं उत्तर आम्हा पाड्यावर राहणाऱ्यांना कोणी दिलेलं नाही. इथे कुत्रा रात्री भुंकला की आम्ही पोरं आत घेतो. एवढंच सांगायचं होतं.

इतिहासवेडा

अवांतर, पण प्राण्यांच्या गणिताचं निघालंच आहे तर. गुरांना द्यायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने, ती मेलेली गुरं खाऊन गिधाडं संपली, सरकारने ते औषध जनावरांसाठी बंद केलं २००६ ला, तोवर उशीर झालेला. गावोगावची मेलेली ढोरं मग कुत्र्यांना मिळाली आणि कुत्री वाढली. मलबार हिलच्या डुंगरवाडीला, जिथे पारशी प्रेतं गिधाडांसाठी ठेवतात, तिथे गिधाडं येईनाशी झाली, म्हणजे पारशांच्या अंत्यविधीतला एक प्राणी गेला तो असा, आणि त्याच कारणाने दुसरा गावोगाव वाढला.

आणि टाटांच्या मुख्य कचेरीच्या, बॉम्बे हाउसच्या दारात आजही भटकी कुत्री बिनधास्त आत जातात, २०१८ ला त्यांना वेगळी खोली केली आत. रतन टाटांनी महालक्ष्मीला प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू केलं २०२४ मध्ये, आणि त्याच वर्षी ते गेले तेव्हा त्यांचा 'गोवा' नावाचा कुत्रा दर्शनाला आणला होता. बातम्यांत सगळ्यांनी केवढं प्राणीप्रेम म्हणून लिहिलं. सगदीदचा उल्लेख मला तरी कुठे दिसला नाही.

माझगावची मावशी

अरे हो की! माझ्याही डोक्यात आलं नाही तेव्हा. काटा आला अंगावर.

कोटातला कारकून

धागा चांगला चाललाय, सगळ्यांना धन्यवाद. काल ऑफिस सुटल्यावर मुद्दाम भुलेश्वरला पांजरापोळात जाऊन आलो. फुलवाल्यांच्या गर्दीतून आत शिरलं की एकदम शेणाचा वास आणि शांतता, मुंबईत आहोत हे विसरायला होतं. लोक पैसे देऊन गाईंना हिरवा चारा घालत होते. कुत्रं शोधलं, तर एक होतं, गेटबाहेर, हारवाल्याच्या टोपलीखाली झोपलेलं, कानाला खाच. हारवाल्याला विचारलं तुमचं का, तर म्हणाला कोणाचं नाही साहेब, इथलंच आहे.

सोसायटीच्या ग्रुपवर हा धागा टाकला होता. ए विंगचे काका म्हणाले आठ आणे फार होत नाहीत. बी विंगच्या काकू ग्रुप सोडून गेल्या.

सडेतोड

@गिरणगाव ७८, त्या बंड्याचं पुढे काय झालं? मुलाने विचारलंय. त्याला तुमची गोष्ट वाचून दाखवली रात्री, कोळशाच्या खणापर्यंतचीच.

गिरणगाव ७८

गाडीला कधीच सापडला नाही. म्हातारा होऊन त्याच खणाजवळ गेला, आम्ही दहावीत होतो तेव्हा. शेवटी शेवटी दिसत नव्हतं त्याला, चाळीतल्या कोणाचीही चप्पल ओळखायचा पण. मुलाला सांगा, चावला मात्र नाही कोणाला कधी. एकदाच चावला, मला, बदाम सात ओरडताना शेपटीवर पाय दिला होता. चौदा घेतली मी.